मॅक मिनी, विंडोज की लिनक्स? आधी तुमचं डोंगल बघू

सदाशिव पेठेतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो. नवख्या वाचकांसाठी एवढंच: श्रीलिपी हे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर, पेजमेकर आणि इनडिझाईन हे पुस्तकाची पानं जुळवायचे प्रोग्राम.

"मी सव्वीस वर्षं घरून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. निम्मं काम अजून श्रीलिपीत आणि पेजमेकरमध्ये चालतं, अलीकडे दोन प्रकाशकांसाठी इनडिझाईन. टॉवर २०१४ सालचा आहे, आय-३, चौथ्या पिढीचा, त्यावर विंडोज १०. हल्ली तो मध्येच बंद पडतो. विंडोज ११ त्यावर चढणार नाही, असं दुकानदार म्हणाला. मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, तो म्हणतो मॅक मिनी घे, डोक्याला ताप नाही. ह्यांच्याकडे सोसायटीचे हिशेब आहेत, ते टॅलीत असतात, म्हणून त्यांना विंडोजच हवं. भाचा म्हणतो लिनक्स टाक, एक पैसा लागणार नाही. टेबल लहान आहे, त्यामुळे मोठा डबा आता नको. बजेट साठ हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, लेझर प्रिंटर आहेत. (श्रीलिपीचं डोंगल अजून चालतं.) तिघांचंही पटतं. मी काय घेऊ?"

ताई, तुम्ही जी गोष्ट कंसात टाकलीत, तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या डोंगलमध्ये आहे.

डोंगल म्हणजे कुलूप. प्रोग्राम सुरू होताना यूएसबीला लावलेल्या त्या काडीला विचारतो, तू आहेस ना? ती हो म्हणाली, तर पुढचं काम. पण हे विचारणं परस्पर होत नाही. मध्ये ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर एका विशिष्ट सिस्टिमसाठी आणि एका विशिष्ट जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. तुमचा ड्रायव्हर विंडोजचा आहे, इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरचा. २०२० च्या नोव्हेंबरात एम-१ आल्यापासून मॅक मिनीत ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर येऊ लागला, तो एआरएम जातीचा. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज चढवता यायचं, ती सोय या प्रोसेसरवर नाही. पॅरेलल्ससारख्या प्रोग्राममध्ये विंडोज चालतं, पण ते एआरएमसाठीचं विंडोज. त्यात जुना प्रोग्राम नक्कल करून चालवता येतो, अगदी बराही चालतो. ड्रायव्हरची मात्र नक्कल होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या कुलपासाठी तो आता कोण लिहून देणार? प्रोग्राम उघडेल, काडी सापडली नाही म्हणेल आणि मिटेल. शिवाय आत्ताच्या मॅक मिनीला जुन्या चौकोनी तोंडाचं यूएसबी नाहीच, सगळी टाइप-सी. ते कनेक्टर लावून भागेल, ड्रायव्हरचं भागणार नाही.

हाच नियम विंडोजच्या डब्यांनाही लागू आहे, हे लक्षात असू द्या. हल्ली स्नॅपड्रॅगन प्रोसेसरची विंडोज यंत्रंही मिळतात. चांगली आहेत, पण एआरएमच. दुकानदाराने "हे लेटेस्ट आहे" म्हणून पुढे केलं, तरी तुमच्यासाठी नाही. इंटेल किंवा एएमडी, एवढंच बघा.

आता फाईली. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण यंत्र चुकलं तर बदलता येतं, सव्वीस वर्षांचं काम परत जुळवता येत नाही.

तुमच्या श्रीलिपीच्या फाईलीत मराठी दिसते, पण ती मराठी म्हणून साठवलेली नाही. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला फॉन्ट आहे, म्हणून ती मराठी दिसते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी दुसरा मार्ग नव्हता, आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने तो मार्ग इतका नीट बांधला की अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं वर्षानुवर्षं त्याच अक्षरांनी भरली. पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडून पाहा. 'मराठी' या शब्दातल्या म च्या जागी अधोरेषा, र च्या जागी रोमन ए, कान्याच्या जागी एम. अख्खी कादंबरी अशी दिसते. शोध घ्यायला गेलात तर एक शब्द सापडत नाही. ईमेलला जोडून पाठवलीत तर समोरच्याला वाटतं, फाईल बिघडली.

आणि पेजमेकर. त्याची सातवी आवृत्ती २००१ ची, तीच शेवटची. इनडिझाईनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्यांत पेजमेकरच्या फाईली उघडायच्या, नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली. म्हणजे तुमच्या जुन्या पुस्तकांची दुसरी-तिसरी आवृत्ती निघाली, तर ती फाईल उघडणारं यंत्र आज फक्त तुमच्या टेबलावरचा तो मध्येच बंद पडणारा टॉवर आहे. ताई, मला नवीन यंत्रापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून कळकळीने सांगतो. माझे वडील शनिवार पेठेत जुळारी होते. डोळे मिटून शिशाच्या अक्षराचा खिळा उचलायचे, कुठल्या खणात काय आहे ते हाताला ठाऊक. मी त्यांच्या मागून संगणकावरच्या अक्षरजुळणीत आलो. काही वर्षांपूर्वी माझं जुनं यंत्र गेलं, तेव्हा घाईने नवीन यंत्र, नवीन सिस्टिम, सगळं एका आठवड्यात बदललं. महिन्याभराने एका लेखिकेचा फोन आला. तिच्या आईच्या आठवणींचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं, दोनशे पानं, दुरुस्त्या फक्त अकरा. फाईल होती, डोंगलही होतं, पण दोघांना ओळखणारं यंत्र मी भंगारात दिलं होतं. शेवटी छापील पुस्तकावरून दोनशे पानं पुन्हा टाइप केली, रात्री जागून, आणि प्रूफं तीनदा वाचली. अकरा दुरुस्त्यांसाठी. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी फाईली सोडवायच्या, मग यंत्र सोडायचं.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर विंडोजचा छोटा डेस्कटॉप. पण मुलाचं आणि भाच्याचं म्हणणं मी बाजूला सारत नाही, दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि भाच्याच्या बोलण्याचा तर आपण उपयोग करून घेणार आहोत.

मुलाचं आधी. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली एम-४ मॅक मिनी ही या आकारातली फार देखणी वस्तू आहे. पाच इंच लांब, पाच इंच रुंद, दोन इंच उंच, फराळाचा छोटा डबा असावा तेवढी. अडॅप्टरचा वेगळा ठोकळाही नाही, तो आतच. मूळ मॉडेलला १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठा, किंमत आली तेव्हा ५९,९०० रुपये. तुमचं बजेट बरोब्बर तिथेच संपतं, तेही मॉनिटर-कीबोर्ड घरात आहेत म्हणून, कारण डब्यात ते येत नाहीत. साठा दुप्पट हवा असेल, तर त्याच यंत्राचे ७९,९०० होते, म्हणजे २५६ जीबीसाठी वीस हजार. मेमरी तर प्रोसेसरबरोबरच बसवलेली, ती नंतर वाढवताच येत नाही, घेताना जी घ्याल ती शेवटपर्यंत.

मराठीच्या बाबतीत मॅक मागे आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. कोहिनूर देवनागरी हा सुंदर फॉन्ट त्यात येतो, आणि श्री देवनागरी ७१४ सुद्धा येतो, तो तर मॉड्युलरचाच, युनिकोडमध्ये. इनडिझाईन मॅकवर उत्तम चालतं. तुमचं सगळं काम युनिकोडमध्ये असतं, पेजमेकरचा इतिहास नसता आणि घरात टॅली नसती, तर मी तुम्हाला डोळे झाकून मॅक मिनी घ्या म्हटलं असतं. तीन-चार वर्षांनी जुन्या फाईली सोडवून झाल्या, की तुम्ही त्याच जागी याल. तेव्हा मुलाला म्हणा, आता आण. टॅलीप्राईम हा विंडोजचा प्रोग्राम आहे, मॅकवर तो सरळ बसत नाही. सोसायटीच्या हिशेबासाठी मॅकवर वेगळी व्यवस्था उभी करणं म्हणजे यजमानांना उगाच ताप.

लिनक्सबद्दल पुण्यात राहून वाईट बोलवत नाही, आणि बोलण्यासारखं काही नाहीही. लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट जगभरच्या अनेक लिनक्समध्ये येतो. रेड हॅट या कंपनीने तो २००४ मध्ये खुला केला, आणि त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी भारतीय भाषांच्या त्या कामावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटचा रंग. सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था तर इथलीच, १९८८ पासूनची, त्यांचंही बॉस नावाचं लिनक्स आहे. लिनक्सवर मराठी टाइप करायला, वाचायला, छापायला काही अडत नाही. तुमचं अडेल ते इनडिझाईनवर, कारण ते लिनक्ससाठी नाही. स्क्रायबस हा पानं जुळवायचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात देवनागरी नीट जुळते, पण प्रकाशकाने इनडिझाईनची फाईल मागितली की विषय संपला. डोंगलचं तर बोलायलाच नको.

पण तुमच्या त्या जुन्या टॉवरचं काय करायचं, याचं उत्तर भाच्याकडे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, तीही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा. "युक्तीने चढवून देतो" म्हणणारे भेटतील, नको म्हणा. पुढची अपडेट मिळतील याची खात्री अशा यंत्राला नसते. फाईली सोडवून झाल्या, की टॉवरमध्ये नवी एसएसडी (हार्डडिस्कहून वेगवान डिस्क) घालून भाच्याला लिनक्स मिंट टाकून द्यायला सांगा. तो मध्येच बंद पडतो तो बहुधा धुळीने भरलेल्या पंख्यामुळे किंवा थकलेल्या पॉवर सप्लायमुळे. आधी ते बघून घ्या, दोन्ही दुरुस्त्या स्वस्तातल्या आहेत. मग लाइट बिल भरणं, बातम्या, सोसायटीच्या नोटिसा छापणं, एवढं त्यावर सुखाने होईल. जुनी हार्डडिस्क काढून, वर नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवा. पुसू नका.

आता खरेदी. विंडोजच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये तुमच्यापुढे तीन जाती येतील.

एक, ऑफिसांत वापरले जाणारे 'एक लिटर'वाले डबे: लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे मिनी. जाडजूड शब्दकोश आडवा ठेवावा तेवढे. दोन, नक जातीचे, त्याहून लहान. ते मूळ इंटेलचे, २०२३ मध्ये इंटेलने तो धंदा थांबवला आणि असुसने पुढे चालवला. तीन, एन-१०० प्रोसेसरचे स्वस्त डबे, ऑनलाईन ढिगाने दिसतात. तो प्रोसेसर टॅलीला, ईमेलला पुरेसा आहे, पण तीनशे पानांचं इनडिझाईन आणि त्यात चित्रं आली की दमतो. तुम्ही त्यावर दिवसाचे आठ तास बसणार आहात, तेव्हा तिसरी जात सोडा.

माझा कौल पहिल्या जातीला, आणि तोही नवीनच हवा असं नाही. आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रं बदलतात, ती रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चक्कर मारलीत, तर चौकशी करता येईल. ही यंत्रं उघडायला एखादा स्क्रू, आत मेमरीच्या दोन खाचा, एसएसडी बदलता येते. पाच वर्षांनी दुरुस्त करता येणारी वस्तू, हा मला त्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो. नवीन घेणार असाल तरी याच जातीतलं घ्या, वॉरंटीचं समाधान मिळेल. रिफर्बिश्ड घेतलंत, तर मात्र दुकानात उभं राहून काही गोष्टी बघायच्याच.

प्रोसेसरचं नाव वाचा. आय-५ ८५००टी असं लिहिलं असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आणि टी म्हणजे कमी वीज खाणारा. आठच्या खाली जाऊ नका. शक्य असेल तर दहावी किंवा त्यापुढची घ्या, आठवी ही विंडोज ११ ची उंबरठ्यावरची पिढी आहे, पुढच्या विंडोजला ती चालेलच असं धरू नये. यंत्र चालू करून सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा, विंडोज अधिकृत आहे का. दोन मिनिटांचं काम आहे, पण अनेक जण ते घरी गेल्यावर करतात. मग यंत्र बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जायला सांगा. पासवर्ड मागितला, तर ते यंत्र घेऊ नका. जुन्या कंपनीने टाकलेला पासवर्ड आहे आणि दुकानदाराला तो माहीत नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या एका ओळखीच्यांनी "काही होत नाही" या शब्दावर असं यंत्र घेतलं, आणि पुढे एसएसडी बदलायच्या वेळी अडकून बसले. मागे मॉनिटरची कुठली जागा आहे तेही पाहा. या ऑफिसच्या डब्यांत बऱ्याचदा एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं, त्याचा कनेक्टर तिथेच मागून घ्या. वायफायही सगळ्यांत नसतं, कारण कंपनीत केबल असते. अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का, तेही बघा.

मेमरी १६ जीबी हवी. एसएसडी ५१२. हे सगळं पंचवीस-तीस हजारांत बसवायचा प्रयत्न करा. उरलेल्या पैशांची सोय पुढे सांगतो.

आणि बोटांचं विसरू नका. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण सव्वीस वर्षांच्या सरावाची बोटं एकतर श्रीलिपीच्या कळफलकावर असतील किंवा टाइपरायटरच्या. इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कळफलकावर असाल, तर चिंता नाही, तो तिन्ही सिस्टिमवर मुळातच असतो. टाइपरायटरच्या कळफलकावर असाल, तर मॅकमध्ये तो येत नाही, विंडोजवर तो वेगळा बसवून घेता येतो. नव्या यंत्रावर भाषांमध्ये मराठी जोडलीत की मंगल फॉन्टही सोबत येईल. लेखकांच्या वर्डच्या फाईली अजूनही मंगलमध्येच येतात, आणि तो नसला की पानं सरकतात. तुमच्या स्वतःच्या नव्या कामासाठी मात्र कुठल्याच सिस्टिमचा घरचा फॉन्ट वापरू नका. टिरो देवनागरी मराठी घ्या, मुक्ता घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि तिन्ही सिस्टिमवर तसेच दिसतात. टिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदीच्या नाहीत. पाननपान वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते जाणवतं.

छापखान्याची काळजी नको. तिथे पीडीएफ जाते, फॉन्ट आत बसवलेली. ती मॅकवर बनली की विंडोजवर, हे प्लेट काढणारा बघत नाही.

क्रम असा ठेवा. नवीन यंत्र यायच्या आधी, याच आठवड्यात, एक टीबीची बाहेरची डिस्क आणा आणि टॉवरमधलं सगळं तिच्यावर उतरवा. श्रीलिपीच्या आणि पेजमेकरच्या सीडीही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण नवीन डब्याला सीडीची जागा नसेल. मग टॉवर जोवर चालतोय तोवर प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढा. रोज दोन पुस्तकं केलीत तरी पावसाळा संपेपर्यंत होतील. छापलेलं पान जसंच्या तसं राखणारा हा पहिला बांध. त्यानंतर ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघण्यासारखी आहे, तेवढ्यांचाच मजकूर युनिकोडमध्ये न्या. सगळी नेण्याच्या मागे लागू नका, थकून जाल.

मजकूर नेल्यावर प्रूफवाचकाकडे पाठवण्यापूर्वी तुम्ही स्वतः काही शब्द शोधून बघा. तिसऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा. हा अर्धा र मराठीचा खास, आणि रूपांतरात सगळ्यात आधी तोच तुटतो. कधी त्याचा रफार होतो, कधी पाय मोडका र नुसताच उभा राहतो. मग ॲ बघा. ॲसिड, ॲड. वगैरे. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या पद्धतीने तयार झालेल्या फाईलींत त्या जागी अ वर चंद्र असा जोड असतो, आणि शोधताना तो सापडत नाही. अवतरणचिन्हं आणि आकडे शेवटी. पाच-सहा पानांवर हे नीट आलं, तर उरलेलं पुस्तक बरं येतं असा माझा अनुभव आहे.

आता उरलेले पैसे. लॅपटॉपला बॅटरी असते, या डब्यांना नसते, मॅकलाही नसते. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली की काय होतं, हे पेठेत राहून तुम्हाला सांगायला नको. एक ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. टॉवरला तो जेमतेम पुरायचा, पण हे यंत्र आणि मॉनिटर मिळून वीज इतकी कमी खातात की फाईल साठवून, शांतपणे बंद करून, वर चहा ठेवायलाही वेळ मिळेल. यूपीएसला प्रिंटर जोडू नका, लेझर प्रिंटर तापताना एकदम खूप वीज ओढतो. दुसरी बाहेरची डिस्क घ्या आणि ती मुलाच्या घरी ठेवा, महिन्यातून एकदा आणून तिच्यावर नवीन काम उतरवा. एवढं करूनही पैसे राहतील. ते मॉनिटरकडे वळवा, असं माझं मत. दोन पानं शेजारी शेजारी पूर्ण आकारात दिसतील असा सत्तावीस इंची मॉनिटर असला, की डोळ्यांना फार आराम पडतो, आणि उद्या मॅक आला तरी तो तसाच कामी येतो. टेबल लहान आहे म्हणालात, तर हा डबा मॉनिटरच्या पाठीला लावायची पट्टी मिळते. टेबलावर फक्त कीबोर्ड आणि प्रुफं.

दुकानात जाताना पिशवीत डोंगल, पेनड्राइव्हवर उतरवलेली श्रीलिपी आणि एखादी जुनी, जोडाक्षरांनी भरलेली फाईल घेऊन जा. दुकानदाराला म्हणा, हे इथे बसवून, उघडून दाखवा, मग पैसे देते. अर्धा तास लागेल. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं, आणि फार जुन्या प्रोग्रामचा १६ बिटचा इन्स्टॉलर त्यावर चालत नाही, तेही तिथेच कळेल. नाही चाललं, तर यंत्र खराब आहे असं समजू नका. तेव्हा मॉड्युलरकडे नव्या आवृत्तीची चौकशी करायची, जुनं डोंगल दाखवून काय सवलत मिळते ते विचारायचं, आणि टॉवरचा पंखा दुरुस्त करून पेजमेकरपुरता तो आणखी वर्षभर जपायचा. त्या काळात त्याला इंटरनेटची केबल लावू नका.

फाईल उघडली, तर तिथेच एक पान छापून घ्या आणि मला कळवा, तिसऱ्या मधला ऱ्या कसा आलाय ते.